राणेचा आवाज

‘बेस गिटार वाजवणारा हवा. नीट वाजवता येत नसेल तरी चालेल. वेळेवर यावे.’

अंधेरीत वाद्यांच्या एका दुकानात काउंटरच्या काचेवर ही चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर फळ्यावर लिहून लिहून सरळ झालेलं. मी तिच्याकडे बघतच राहिलो, कारण माझं इतकं अचूक वर्णन तोवर कुणी केलं नव्हतं. माझ्याकडे बेस होती. गिटारला सहा तारा आणि बेसला चार, म्हणजे कष्टही तेवढेच कमी, अशा विचाराने घेतलेली. ती मला नीट वाजवता येत नव्हती. आणि वेळेवर जाणं हा तर माझा एकुलता एक गुण. विमा कंपनीतल्या माझ्या नोकरीचा सगळा भार त्याच गुणावर उभा आहे.

पत्ता नाहूरचा होता. लोखंडी ग्रिल आणि गेट बनवायचं वर्कशॉप, रविवारी बंद असायचं. आत वेल्डिंगचा जळका वास, भिंतीला टेकवलेल्या जाळ्या, एका कोपऱ्यात ड्रम आणि मधोमध एक गृहस्थ उभा. फिकट निळा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, चुण्यांची पँट, पायात सँडल, खिशाला दोन पेनं. मी त्याला वर्कशॉपचा मालक समजलो.

“साहेब, ते बँडवाले कुठे भेटतील?”

“भेटले,” तो म्हणाला. “वेळेच्या आधी आलात. बरं वाटलं. बेस काढा.”

हा सतीश राणे. मुलुंडच्या एका क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवायचा आणि रविवारी ‘गाळ’ नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवून गायचा. म्हणजे त्याच्या मते गायचा. जगात त्या संगीताला ‘स्लज मेटल’ म्हणतात: जड, संथ, तारा इतक्या सैल उतरवलेल्या की सूर कानाआधी पोटात पोचतो. राणेने त्याचं सरळ ‘गाळ’ करून टाकलं होतं. त्यात प्रोग्रेसिव्ह रॉकची एक भानगड होती. प्रोग्रेसिव्ह म्हणजे ज्यात मात्रा सात, नऊ, अकरा अशा अडनिड्या असतात आणि गाणं कधी संपणार ते फक्त वाजवणाऱ्यांना ठाऊक असतं. आमच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांपैकी निदान एकाला ते कधीच ठाऊक नसे.

ड्रमवर जिग्या बसायचा. जिग्नेश, घाटकोपरचा, घरचं फरसाणचं दुकान. वर्कशॉप त्याच्या मामाचं. तो प्रत्येक रविवारी गाठिया घेऊन यायचा आणि तेलकट बोटांनी काठ्या धरायचा, त्यामुळे काठ्या सुटून कधी कुणाच्या डोक्यात बसतील याचा नेम नसायचा.

त्या पहिल्या दिवशी राणेने मला सात मात्रांची एक ओळ दाखवली आणि आम्ही तिघं सुरू झालो. दोन आवर्तनं मी सावरलो. तिसऱ्याला माझी बोटं एक मात्रा जास्त चालून गेली. जिग्याने काठ्या वर केल्या. मी ‘सॉरी’ म्हणून बेस खाली ठेवायला लागलो.

“थांबलात कशाला?” राणे म्हणाला. “परत चुका.”

“काय?”

“तीच चूक. तशीच. अजून तीनदा करा.”

मी जिग्याकडे बघितलं. जिग्या गाठिया चघळत म्हणाला, “कर ना बाबा. सरचा नियम आहे. मी पण आधी रडलो होतो.”

मी केली. मोठ्या कष्टाने केली, कारण चूक ठरवून करणं हे चुकून बरोबर करण्यापेक्षा फार अवघड असतं. चौथ्या वेळेला राणेची गिटार त्या जास्तीच्या मात्रेवर येऊन बसली, जिग्याने तिथे झांज मारली, आणि जे काही झालं ते मला अजून सांगता येत नाही. लोखंडाच्या जाळ्या थरथरत होत्या. मी वाजवतोय यावर माझाच विश्वास बसेना.

“एकदा झाली तर चूक,” राणे म्हणाला. “चारदा झाली तर चाल.”

क्लासमध्येही तो तसाच होता. माझी भाची त्याच्याकडे शिकली. ती सांगायची, राणे सर खोडरबर आणू देत नाहीत. गणित चुकलं तर खोडायचं नाही. चुकीची पायरी घेऊन शेवटपर्यंत जायचं. माणसाचं वय उणे बारा आलं, की सर शांतपणे म्हणायचे, “छान. आता ह्या माणसाला भेटायला आपण कुठल्या दाराने आलो ते बघ.” पोरं हसायची आणि मागे मागे जात बरोबर त्या दारापर्यंत पोचायची. चुकीला तो कधी रागावला नाही. अर्धवट सोडलं की मात्र त्याचे कान लाल व्हायचे.

माझ्यासारख्या माणसाला असा बँड म्हणजे माहेरच. बघता बघता ‘गाळ’च्या संगीतातली सगळी अवघड वळणं माझ्या नावावर जमा झाली. अंधेरीला एका छोट्या जागेत आमचा कार्यक्रम झाला. समोर काळ्या टी-शर्टातली तीस-चाळीस पोरं. राणे आपल्या निळ्या शर्टात स्टेजवर चढला तर एकाने त्याला विचारलं, “काका, साउंडवाले ना तुम्ही? माइक जरा वाढवा.” राणेने माइक वाढवून दिला आणि त्याच माइकमधून असा गरजला, की तो पोरगा दोन पावलं मागे सरकून मागच्याच्या पायावर उभा राहिला.

कार्यक्रमानंतर एक दाढीवाला तरुण माझ्याकडे आला. “सर, तो मधला अकराचा भाग तुम्ही कसा मोजता? पाच-सहा की चार-चार-तीन?”

तो भाग म्हणजे मला एकदा सराव करताना शिंक आली होती, ती होती. मी डोळे बारीक करून म्हणालो, “मोजायचा नसतो. आत असावा लागतो.” पोरगा गंभीरपणे मान हलवून गेला. मागे राणे उभा होता. त्याने खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून माझ्या हातात दिली. “घे. पुन्हा शिंक आली तर गाणं अजून लांबायचं.”

ज्येष्ठमध त्याच्या खिशात कायम असे. आणि स्टीलच्या बाटलीत कोमट पाणी. कारण त्या आवाजावर त्याचं सगळंच चाललं होतं.

त्या आवाजाबद्दल सांगायला हवं. या तऱ्हेच्या संगीतात गाणारा गुरगुरतो, ओरडतो, आणि काय म्हणतोय ते देवाला कळलं तर कळतं. राणेचं तसं नव्हतं. तो खोल विहिरीतून दगड ओढून काढावा तसा आवाज काढायचा, पण त्यातलं अक्षर न् अक्षर सुटं ऐकू यायचं. हे कुठून आलं, ते मला त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

नाहूरलाच दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत तो आणि त्याची आई राहायचे. मूळ गाव कणकवलीकडे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनगिरी करता करता वारले. राणे शाळेत असताना आईला मोठा ताप आला आणि त्या तापात तिचे कान गेले, अगदी थोडं शिल्लक राहिलं. तेव्हापासून त्या घरात बोलणं म्हणजे ओरडणंच. “आई, चहा!” हे वाक्य राणे असं म्हणायचा की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायच्या, “आमचा पण टाकताय का?” पण नुसतं ओरडून भागत नसे, आईला ओठ आणि अक्षरं दोन्ही लागायची. म्हणून तो प्रत्येक अक्षर कोरून ओरडायला शिकला. पुढे त्याने ते गिटारला जोडलं, एवढंच.

त्याची आई, म्हणजे आमच्या काकी, उंचीने लहान, बोलायला दणदणीत. मला पहिल्यांदा बघितल्यावर त्यांनी राणेला विचारलं, “ह्यो कोण? पोटाक खाता मा?” राणे ओरडला, “पेंडसे! पार्ल्याचो! खाता!” मग मला सोलकढीचे तीन पेले पाजण्यात आले. दुसऱ्या पेल्याला मी ‘नको’ म्हणालो होतो, पण ते अर्थात ऐकू गेलं नाही.

त्यांच्या सोसायटीच्या पूजेला संध्याकाळी कार्यक्रम असायचा. कुणाची तरी भावगीतं, कुणाची नक्कल, लहान मुलांचा नाच. एका वर्षी भावगीतवाल्या बाई आजारी पडल्या आणि सेक्रेटरींनी राणेला विचारलं, “तुमचा तो ऑर्केस्ट्रा आहे ना?” आम्ही नको म्हणत होतो, राणे हो म्हणाला. आम्ही वाजवायला लागलो आणि एका मिनिटात मागच्या रांगा रिकाम्या झाल्या. सेक्रेटरी कानात बोटं घालून हसरा चेहरा ठेवायचा प्रयत्न करत होते. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “कुणाच्या अंगात आलंय? अंगारा लावा कुणीतरी!”

पहिल्या रांगेत मधोमध काकी बसल्या होत्या, इस्त्रीची नऊवारी नेसून. त्या हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. गाणं संपल्यावर त्या उठल्या, स्टेजपाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आज गाणा आयकाक इला. बाकीचे नुसती तोंडा हलयतत.”

इतक्या वर्षांत त्यांनी ऐकलेलं ते पहिलं गाणं. त्यानंतर दर रविवारी सरावाला निघताना त्या राणेला विचारायच्या, “नवा गाणा कधी?” आमची कुणीच वाट बघत नव्हतं, पण या एका बाई बघत होत्या.

त्या नव्याचं नाव ‘ओहोटी’. राणेला भांडुपच्या खाडीकडे जाऊन बसायची सवय होती. मला एकदा घेऊन गेला. फ्लेमिंगो दाखवणार असेल म्हणून मी दुर्बीण घेऊन गेलो. पाणी उतरलेलं, लांबपर्यंत नुसता काळा चकचकीत चिखल, त्यात तिवरांच्या मुळ्या, प्लॅस्टिक, एक अर्धी खुर्ची. पक्षी एकही नाही.

“बघ,” राणे म्हणाला.

“काय बघू?”

“भरतीला सगळं छान दिसतं रे. पाणी उतरलं की कळतं, खाली काय काय होतं ते. मला ते वाजवायचंय.”

मी दुर्बिणीतून त्या अर्ध्या खुर्चीकडे बघितलं. माझी सँडल चिखलात रुतली ती काढताना चिखलातच बसलो. परतीच्या रिक्षावाल्याने सीटवर वर्तमानपत्र पसरल्याशिवाय मला आत घेतलं नाही.

‘ओहोटी’त चार रचना होत्या. पहिल्या तीन रेकॉर्ड झाल्या. चौथी सगळ्यात लांब: एकच जड ओळ फिरत राहते, पाण्यासारखी मागे मागे जाते, आणि अगदी शेवटी, सगळं उतरल्यावर, राणेची एकच हाक. ‘पाणी उतरलंय. बघ.’ शब्द तेवढेच. ती हाक आली की संपलं.

ती रेकॉर्ड व्हायच्या आधी राणेचा आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, गरम पाण्याची वाफ झाली. शेवटी तो घाटकोपरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेला, आणि मी सोबत म्हणून गेलो. डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर एक गाठ होती, मोठी. साधी होती, पण काढायलाच हवी होती.

“ऑपरेशन होईपर्यंत बोलणं बंद,” डॉक्टर म्हणाले. “नंतर हळू बोला. ओरडणं विसरा. वर्गातसुद्धा.”

“ऑपरेशनच्या आधी एकदा?” राणेने विचारलं.

“एकदा काय?”

“एकदा ओरडायचंय.”

डॉक्टरांनी त्याच्या निळ्या शर्टाकडे आणि खिशातल्या पेनांकडे बघितलं. “कुणावर?”

राणेला हसू आलं, पण ते घशातच अडकलं. मी मग गाण्याचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते ऐकून डॉक्टरांनी माझाही घसा तपासावा का असा विचार केला असावा. शेवटी ते स्पष्टच म्हणाले, आता ताण दिला तर ऑपरेशननंतर किती आवाज परत येईल ते मी सांगू शकत नाही. कदाचित नाहीच येणार.

रिक्षात मी हिशेब करत होतो. शिकवणं आवाजावर. आईशी बोलणंही आवाजावर, तेही ओरडूनच. आणि पलीकडे एक हाक, जिची वाट फक्त तीच आई बघत होती. रोजचं बोलणं हवं की एकदाचं गाणं, असा तो प्रश्न होता आणि दोन्हीकडे एकच बाई उभी होती.

पुढचे काही आठवडे मी त्यांच्या घरी जात राहिलो. राणे आता बोलत नव्हता. स्वयंपाकघरात कडप्प्याचा काळा ओटा होता. त्यावर तो खडूने लिहायचा. ‘भाजी आणली.’ ‘क्लासला जातो.’ काकी सावकाश वाचायच्या, मान हलवायच्या आणि पोळ्या लाटायच्या आधी ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायच्या. मग विचारायच्या, “काय म्हणी होतंस?” तो परत लिहायचा. क्लासमध्येही तो नुसता फळ्यावर लिहीत राही. पोरांना वाटलं सर चिडलेत. वर्ग कधी नव्हे इतका शांत बसायचा.

जिग्याने मार्ग काढायचा प्रयत्न केला. “सर, दुसरा कोणी गाऊ दे ना. बोरिवलीचा एक आहे, काय फाडतो यार!” तो बोरिवलीचा मुलगा आला. खरंच फाडलं त्याने. वर्कशॉपच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. राणेने त्याला पाठ थोपटून, चहा पाजून पाठवलं आणि लोखंडाच्या एका पत्र्यावर खडूने लिहिलं: ‘छान आहे. पण त्याला कुणाला काही सांगायचं नाहीये.’

मग खाली लिहिलं: ‘मीच करणार. एकदाच.’

“सर, पागल झालात काय?” जिग्या ओरडला. “क्लासचं काय? काकीचं काय? घरात काय मूकनाट्य करणार?”

राणेने पत्रा बाजूला ठेवला. बराच वेळ तो गिटारच्या खुंट्या पिळत बसला. जिग्या माझ्याकडे बघत होता, तू तरी काहीतरी बोल म्हणून. मी बोललो, पण माझं बोलणं नेहमीप्रमाणे एक मात्रा उशिरा पडलं. तोवर राणे सूर लावून उभा राहिला होता.

अंधेरीच्या स्टुडिओत सकाळचीच वेळ घेतली होती. रेकॉर्डिंग करणारा केल्विन राणेचा जुना विद्यार्थी. दहावीला गणितात काठावर सुटलेला आणि त्याबद्दल आयुष्यभर कृतज्ञ. सगळं एकाच वेळी, एकत्र वाजवून घ्यायचं ठरलं होतं. ‘ओहोटी’च्या आधीच्या तीन रचनाही तशाच घेतल्या होत्या, कापून जोडायचं राणेला मान्य नव्हतं.

आम्ही सुरू केलं. मी आयुष्यात इतकं सांभाळून कधी वाजवलं नाही. आपल्या चुकीपायी या माणसाला दुसऱ्यांदा ओरडायला लागलं तर काय, या भीतीने माझी बोटं पहिल्यांदाच शहाण्यासारखी वागत होती. ओळ फिरत राहिली, उतरत राहिली. राणे डोळे मिटून उभा होता. शेवटाकडे आलो. अजून एक आवर्तन, मग हाक.

आणि हाक आली. एक मात्रा आधी.

‘पाणी उतरलंय. बघ.’

मी सवयीने आधी माझ्याच बोटांकडे बघितलं. मग जिग्याकडे. जिग्याने बारीक मान हलवली: तू नाही, मी पण नाही. राणे चुकला होता. इतके आठवडे तो ही हाक मनातल्या मनातच मोजत आला होता, आणि मनातलं मोजणं नेहमी थोडं घाईचं असतं.

काचेपलीकडून केल्विन हाताने खूण करत होता, चालेल, चालेल, पुढे जा. खरंच चाललं असतं. कुणालाही कळलं नसतं. आम्ही ओळ संपवून थांबलो असतो आणि घरी गेलो असतो. मी राणेकडे बघून जोरजोरात मान हलवली: परत नको.

त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या आवर्तनाला त्याच जागी, तशीच, चुकीच्या मात्रेवर हाक दिली.

तिसरी हाक आली तेव्हा आवाजात काहीतरी फाटत गेलेलं ऐकू आलं. जिग्या वाजवता वाजवता शिव्या देत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला वाटलं आपण बेसवरून हात काढावा. वाजवणंच बंद केलं तर तो ओरडणार कशावर? पण मला तो चांगला माहीत होता. तो ओळीशिवायही ओरडला असता. मी वाजवत राहिलो. त्याच्या पायाखाली तेवढी जमीन तरी असू दे म्हणून.

चौथ्या वेळी ‘पाणी उतरलंय’ आलं. ‘बघ’ला नुसती हवा आली. पण त्या हवेतही अक्षर सुटं होतं.

आम्ही थांबलो. राणे बेसिनपाशी गेला, थुंकला, खाली बघितलं आणि नळ जरा मोठा सोडला. परत येऊन त्याने बाटलीतलं कोमट पाणी प्यायलं. शर्टाच्या मनगटाचं बटण सुटलं होतं, ते लावलं.

केल्विन बाहेर आला. “सर,” तो म्हणाला, आणि राणेची बाटली परत भरायला घेऊन गेला.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ निघाली. आवाज परत आला तो कंगव्यावर कागद धरून फुंकावं तसा: बारीक, कापरा, दोन हातांपलीकडे न पोचणारा. क्लासच्या मालकांनी कॉलरला लावायचा माइक देऊ केला. राणेने तो एक दिवस लावला. त्याच्या बारीक आवाजाचा मोठा झालेला बारीक आवाज वर्गात घुमला आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. राणेला राग आला नाही. “हसण्यासारखाच आहे रे,” तो मला म्हणाला. पण त्याने क्लास सोडला.

‘ओहोटी’ इंटरनेटवर आली. फार गाजली नाही. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसाने लिहिलं, की शेवटच्या चार हाका म्हणजे या बँडने केलेली सर्वांत विचारपूर्वक रचना आहे. चुकीच्या जागी येणारी ती हाक दर वेळी जास्त बरोबर वाटत जाते. मी ते राणेला वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या शिंकेबद्दल काय म्हणाला?”

काकींना कानाला मशीन लावा म्हणून नातेवाइकांनी वर्षानुवर्षं सांगून झालं होतं. मुलगा ऐकू येतो, बाकीच्यांचं ऐकून काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑपरेशननंतर त्यांनी कुणालाही न विचारता खालच्या बाईंना बरोबर घेतलं, मुलुंडला गेल्या आणि मशीन घेऊन आल्या. पहिले दोन दिवस पंखा, कुकर आणि कबुतरं यांच्याशी त्यांचं भांडण झालं. त्यानंतर मायलेकांनी गावी जायचं ठरवलं. तिकडचं घर रिकामंच होतं, आणि मुख्य म्हणजे तिकडे शांत होतं. तिथे बारीक आवाजही पोचला असता.

सामान जायच्या आदल्या दिवशी मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. राणे मला दिसला तो त्या दिवशी शेवटचा; आता अधूनमधून फोनवर मेसेज येतात, तेवढंच. खोल्या खोक्यांनी भरल्या होत्या. राणेने गिटारचा स्पीकर मात्र बांधला नव्हता. ऑपरेशन, डॉक्टर, धावपळ यात काकींचं ‘नवा गाणा’ ऐकायचं राहूनच गेलं होतं. की राणेनेच ते लांबवलं होतं, कोण जाणे.

त्याने मोबाइल स्पीकरला जोडला. काकी खोक्यावर बसल्या आणि पहिली गोष्ट काय केली, तर कानातलं मशीन काढून ओट्यावर ठेवलं.

“घाला ना,” मी खुणेने सांगितलं.

“नको. ह्याचा गाणा माका असाच आयकाक येता.”

राणेने आवाज सगळा वाढवला. खोकी हादरायला लागली. काकींनी एक तळवा स्पीकरवर टेकला आणि शेवटपर्यंत तशाच बसल्या. ती लांब ओळ उतरत उतरत गेली. पहिली हाक आली. दुसरी. तिसऱ्या हाकेला त्यांनी वर बघितलं. चौथी झाली आणि सगळं थांबलं. खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

काकींनी स्पीकरवरचा हात काढला नाही.

“चार खेपेक हाक मारूची लागली तुका,” त्या म्हणाल्या. “मी खंय होतंय?”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

“हंयच होतंस,” राणे म्हणाला.

ते त्यांना ऐकू गेलं नाही. मशीन ओट्यावर होतं. राणे उठला, मशीन उचललं, शर्टाच्या टोकाला पुसलं आणि त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून हलक्या हाताने त्यांच्या कानात बसवलं. घशावरची शीर ताणली गेली. आणि त्या कागदासारख्या आवाजात, अक्षर न् अक्षर सुटं करत, त्याने परत सांगितलं, “हंयच होतंस.”

काकींनी झटकन कान मागे घेतला.

“अरे मेल्या, बोंबलतंस कित्याक?” त्या म्हणाल्या. “आयकाक येता माका.”